तीन मिनिटे झपाझप, तीन मिनिटे सावकाश

वजन वाढले, रक्तदाब वर गेला, साखर काठावर आली की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "चालत जा." गोळ्या सकाळी किती आणि रात्री किती, हे कागदावर नीट लिहिलेले असते. चालण्यापुढे मात्र काहीच लिहिलेले नसते. किती वेगाने, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस? औषधाला मात्रा असते तशी चालण्यालाही असते आणि ती विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

राजोडी, कळंब, नवापूर या किनाऱ्याच्या बाजूला आणि नालासोपारा-विरारच्या वस्त्यांत आम्ही रक्तदाब तपासायला बसतो, तेव्हा तीन प्रश्न फिरून फिरून येतात. पहिला : "ताई, रोज अर्धा तास चालते, तरी जिना चढताना दम लागतोच. असं का?" दुसरा : "दिवसभर कामच करतो की आम्ही, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" तिसरा प्रश्न पोरांचा. मोबाईलवर त्यांनी 'हिट' नावाच्या व्यायामाचे व्हिडिओ पाहिलेले असतात, दहा मिनिटांत पोट गायब असे सांगणारे. ते खरे का, असे ते विचारतात. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून या वेळचे पान त्यालाच दिले आहे.

आधी दमाचे बघू. जिना चढताना मांडीच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो. तो फुप्फुसातून रक्तात येतो आणि हृदय ते रक्त ढकलत स्नायूंपर्यंत पोचवते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. कष्टाच्या वेळी तेच हृदय १५ ते २० लिटरपर्यंत जाऊ शकते. जास्तीत जास्त किती ऑक्सिजन शरीर वापरू शकते, याला प्रत्येकाची एक मर्यादा असते. जुन्या माणसांचा 'दमसास' हा शब्द इथे चपखल बसतो. दमसास मोठा असेल तर तिसरा मजला सहज येतो. लहान असेल तर पहिल्याच मजल्यावर कठडा धरावा लागतो.

दमसास कमी होतो तो नुसत्या वयाने नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच तरुण विद्यार्थ्यांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. धडधाकट, विशीतली पोरे, पण तीन आठवड्यांत त्यांच्या दमसासाचा जवळजवळ चौथा भाग गेला. हाडे जुळेपर्यंत किंवा टायफॉईड बरा होईपर्यंत खाटेला खिळलेल्या माणसाला नंतर चार पावले जड का जातात, ते यावरून कळेल.

आणि हा दमसास फक्त जिन्यापुरता नसतो. २००२ साली अमेरिकेत ६,२१३ पुरुषांच्या तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. (सगळे पुरुष. बायकांची मोजणी नेहमीप्रमाणे मागून.) त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून दमसास मोजला होता. स्वस्थ बसल्यावर जितका ऑक्सिजन लागतो त्याला एक माप धरले, तर दमसास एका मापाने जास्त असलेल्या माणसाची जगण्याची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी चांगली निघाली. म्हणून काट्यावरचा आकडा हलला नाही तरी दमसास वाढला असेल, तर मेहनत वाया गेली असे समजू नका.

वजनाबद्दलही एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एक फोटो छापला. फोटोत ते दोघे स्वतःच उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! हातपाय बारीक, पण चरबी आत पोटाभोवती. म्हणूनच भारतीयांसाठी वेगळी मापे ठरवली आहेत : उंचीच्या मानाने वजनाचा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. टेप लावून पाहायचे तर पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. "मी कुठे जाडी आहे" असे म्हणणाऱ्या कितीतरी जणी टेप लावल्यावर गप्प होतात.

आता दुसरा प्रश्न, जो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चार घरची धुणीभांडी करून, विरार लोकलमध्ये तासभर उभी राहून, घरी येऊन पाणी भरणाऱ्या बाईला "तुम्ही व्यायाम करत नाही" असे सांगायला जीभ कशी रेटते, असे आम्हालाही वाटते. झाडू कामगार, बिगारी, हमाल यांचेही तेच. पण कष्ट म्हणजे व्यायाम, हे समीकरण शरीर मानत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी २०२१ साली तपासल्या गेल्या. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी होते. कामावर अवजड कष्ट करणाऱ्यांना उलट जास्त होते. गरिबी, तंबाखू, झोपेची कमतरता यांचा हिशेब वजा करायचा प्रयत्न संशोधकांनी केला, तरी फरक उरला. अशा नोंदींवरून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्याचे जे स्पष्टीकरण दिले जाते ते आम्हाला पटते. कामाचे कष्ट तासन् तास चालतात, विश्रांती आपल्या हातात नसते, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. आणि एवढे करूनही हृदयाला त्याच्या कमाल मर्यादेजवळ जावे लागेल असा जोर क्वचितच लागतो. वाकून फरशी पुसताना कंबर मोडते, पण दमसास वाढत नाही.

म्हणून अशा बाईला "आणखी एक तास चाला" म्हणणे म्हणजे तिची चेष्टा आहे. तिच्याकडे तास नाही आणि तिच्या पायांत तो उरलेलाही नाही. थोड्या वेळात होणारे, मध्ये मध्ये विसावा देणारे काहीतरी तिला हवे.

असे काही आहे का? आहे, आणि ते नवे नाही. खो-खो आठवा. खो मिळाला की जीव तोडून धावायचे आणि दुसऱ्याला खो दिला की चौकोनात बसायचे. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, मग पुढच्या पाळीपर्यंत श्वास भरून घ्यायचा. जोर, विसावा, पुन्हा जोर. याच तत्त्वावर युरोपातल्या धावपटूंनी १९३० च्या दशकापासून सराव बसवला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्या जोरात मारायचा, मध्ये हळू धावायचा, पुन्हा जोरात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हींत सुवर्ण घेतले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणले ते याच ऑलिम्पिकमध्ये.

पण हे झाले पैलवानांचे आणि धावपटूंचे. वजन वाढलेल्या साध्या माणसाचे काय? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यावर आहे. पोट सुटलेले, रक्तदाब आणि साखर बिघडत चाललेले ३२ जण त्यात होते. एका गटाने १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४७ मिनिटे सारख्या मध्यम वेगाने व्यायाम केला. दुसऱ्या गटाने चार मिनिटे चांगली धाप लागेल इतक्या जोरात चढावर चालायचे, मग तीन मिनिटे सौम्य, असे चार वेळा केले. मध्यम गटाचा दमसास १६ टक्क्यांनी वाढला, आलटून-पालटून करणाऱ्यांचा ३५ टक्क्यांनी. वजन मात्र दोन्ही गटांचे सारखेच उतरले. माणसे थोडी होती हे ध्यानात ठेवा, पण फरक लहान नाही.

आम्हाला जास्त भावला तो जपानचा प्रयोग. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. २४६ माणसे, सरासरी वय ६३, त्यांत बाया जास्त. पट्टा नाही, जिम नाही, रस्त्यावर नुसते चालायचे. तीन मिनिटे झपाझप, तीन मिनिटे सावकाश, अशा पाच किंवा जास्त फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांनी त्यांचा दमसास ८ ते ९ टक्क्यांनी वाढला, मांडीच्या स्नायूंची ताकद १३ ते १७ टक्क्यांनी वाढली आणि वरचा रक्तदाबही उतरला. रोज आठ हजार पावले एका संथ वेगात चालणाऱ्या गटात हे बदल त्यामानाने किरकोळ होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. रोज अर्धा तास चालूनही जिन्यावर दम लागतो, कारण गप्पा मारत, रमतगमत चालताना हृदयाला कधी वरची पायरी चढावीच लागत नाही.

पोरांच्या व्हिडिओंबद्दल आता. दहा मिनिटांत दमसास वाढू शकतो, हे खोटे नाही. कॅनडात २०१६ साली, व्यायाम न करणाऱ्या तरुणांवर प्रयोग झाला. १० मिनिटांच्या सायकलिंगमध्ये फक्त तीन वेळा २० सेकंद जिवाच्या आकांताने पायडल मारणारे आणि ४५ मिनिटे मध्यम वेगाने चालवणारे, दोघांचाही दमसास १२ आठवड्यांत १९ टक्क्यांनी वाढला. पण दहा मिनिटांत पोट गायब होणे खोटे आहे. वजन जास्त असलेल्या लोकांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून २०१७ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा चरबी दोन्ही पद्धतींनी सारखीच घटलेली दिसली. आलटून-पालटून पद्धतीत वेळ मात्र सुमारे ४० टक्के कमी लागला. पोटाचा प्रश्न ताटातून सुटेल. वडापाव, फरसाण, तीन-तीन वेळा साखरेचा चहा आणि कोल्ड्रिंक यांच्याशी कुठलाच व्यायाम जिंकत नाही. आणि व्हिडिओतल्या त्या उड्या? ८५ किलोच्या माणसाने सिमेंटच्या जमिनीवर मारायच्या नाहीत. गुडघे त्याचेच आहेत.

सगळे प्रयोग एकाच बाजूने बोलतात असेही नाही. युरोपात २६१ हृदयरोग्यांवर २०१७ मध्ये मोठा प्रयोग झाला, त्यात दोन पद्धतींत फरकच निघाला नाही. कारण वाचून आम्हाला हसू आले : ज्यांना जोरात करायला सांगितले त्यांतल्या निम्म्यांनी कमी जोर लावला आणि ज्यांना मध्यम सांगितले त्यांतल्या बहुतेकांनी जास्त. माणसे सगळीकडे सारखीच! यातून आम्ही एवढेच घेतो की जोराची पद्धत चांगली असली तरी ती करवत नसेल, तर रोजचे मध्यम चालणे सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना मध्यम हालचाल आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे किंवा जोराची ७५ ते १५० मिनिटे सांगते. दोन्हींची सरमिसळ चालते, आणि ती एका दमात करायची अटही आता राहिलेली नाही.

राजोडीच्या लोकांना यात एक फायदा आहे, तो म्हणजे वाळू. १९९८ साली युरोपात मोजलेले आहे की मऊ वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक, २.१ ते २.७ पट, शक्ती लागते. म्हणजे सुरूच्या झाडांच्या बाजूच्या कोरड्या वाळूत साधे चाललात तरी तो जोर झाला, आणि पाण्याकडच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर आलात की विसावा. घड्याळसुद्धा फार बघावे लागत नाही. कोरड्यात जायचे, धाप लागली की ओल्यात यायचे. धावायची गरज नाही, आणि पाऊल मऊ वाळूत पडल्याने गुडघ्याला दणकाही कमी बसतो. ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो त्यांनी मात्र कोरडी वाळू टाळावी आणि ओल्या पट्ट्यावरच वेग कमी-जास्त करावा. किनारा उतरता असतो, म्हणून जितके एका दिशेला चालाल तितकेच परत या, नाहीतर एकाच बाजूचा गुडघा आणि कंबर धरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओला पट्टा उरतच नाही, त्या दिवशी रस्ता बरा. पावसाळ्यात समुद्राकडे जाऊ नका. विहाराच्या पायऱ्या, इमारतीचा जिना, मोकळा पॅसेज काहीही चालते.

मधुमेह असेल तर वाळूत अनवाणी अजिबात नाही. तळपायाची जाणीव कमी झालेली असते, शिंपला किंवा काच रुतलेली कळत नाही आणि त्या एका जखमेपायी पुढे बोट गमावण्याची वेळ येते. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा कापडी बूट घाला, घरी आल्यावर पाय धुऊन तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर लेकराला बघायला सांगा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी रिकाम्या पोटी जोर करू नये आणि ओटीत साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून ती खायची.

सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन ही तीन कामे. तिशीच्या पुढच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईला विचारा. हिमोग्लोबिनचे आम्ही मुद्दाम सांगतो. ऑक्सिजन वाहून नेतो तो रक्तातला हाच भाग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. वजन जास्त आणि रक्त कमी, हे एकाच बाईत सर्रास सापडते. "जाडी आहे म्हणून दम लागतो" असे घरचे म्हणतात, ती स्वतःही तसेच समजते आणि प्रत्यक्षात हिमोग्लोबिन ८ असते. तिला व्यायामाच्या आधी लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर त्याची तपासणी हवी. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जोराच्या फेऱ्या थांबवून आधी उपचार घ्या.

रक्तदाब १८० किंवा ११० ला टेकलेला असेल, छातीत दुखत असेल, चालताना डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येत असेल, हृदयाचे ऑपरेशन किंवा झटका नुकताच होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर करू नका. गरोदर बायांनीही आधी विचारून घ्यावे. हृदयरोग झालेल्यांना कायमची बंदी आहे, असा मात्र अर्थ नाही. नॉर्वेत ४,८४६ हृदयरोग्यांच्या पावणेदोन लाख तासांच्या देखरेखीखालच्या व्यायामात हृदय बंद पडण्याच्या घटना फक्त तीन घडल्या. 'देखरेखीखाली' हा शब्द तेवढा सोडू नका.

आता मात्रा. पहिले दोन आठवडे नुसते पंधरा-वीस मिनिटे नेहमीसारखे चाला, पाय सवयीला येऊ द्या. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट झपाझप, दोन मिनिटे सावकाश, असे पाच-सहा वेळा. महिना-दीड महिन्यात तीन आणि तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांवर या. म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. झपाझप म्हणजे किती? शेजारणीशी दोन-तीन शब्द बोलता येतात, पण पुरे वाक्य तुटते, तेवढे. सावकाश म्हणजे गप्पा सहज होतील असे. नाडी मोजून वेग ठरवायचे आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या (एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) नाडीला वर जाऊच देत नाहीत. आकडा कमी दिसतो आणि माणूस उगाच जास्त जोर करतो. घड्याळ नसेल तर मोबाईलवर गाणी लावा : एक गाणे जोरात, पुढचे गाणे रमतगमत. आमच्या ओळखीच्या एका मावशीने भीमगीतांची तशी यादीच करून घेतली आहे, नातवाकडून.

अर्धा तासही निघत नसेल त्यांच्यासाठी शेवटची एक गोष्ट. ब्रिटनमध्ये व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजार लोकांच्या हातांना मोजयंत्र बांधले होते, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोजच्या जगण्यात एक-दोन मिनिटांची जोराची हालचाल, जसे की जिना भरभर चढणे किंवा बस पकडायला लगबगीने जाणे, दिवसातून तीनदा करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. यातही कारण आणि परिणाम शंभर टक्के सिद्ध नाही. पण नालासोपाऱ्याच्या स्टेशनचा पूल आपल्याला रोज चढायचाच असतो. गर्दी ओसरली की एक जिना भरभर चढा, वर थांबा, श्वास घ्या.

"लोक हसतील" ही अडचण बाया हळूच सांगतात. नवरा, सासू, गल्लीतली पोरे. एकटीने निघू नका, चारजणी निघा. पाणी यायची वेळ सांभाळून वेळ ठरवा. साडीत चालायला अडत असेल तर सलवार घाला, त्यावर कोणी बोलले तर तिघीजणी उत्तर द्यायला सोबत असतात.

आणि वही ठेवा. सुरुवातीच्या दिवशी सहा मिनिटांत सपाट रस्त्यावर तुम्ही किती लांब जाता ते मोजा. विजेचे खांब मोजलेत तरी चालेल. दर महिन्याला त्याच रस्त्यावर पुन्हा मोजा आणि खांबांचा आकडा तारखेसह लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात "चालता का?" असे विचारले की वही पुढे करा.